पंखा फिरतो आहे

२२ मे २०२४, बुधवार

आष्टीहून परतताना गाडीने पुन्हा तेच केलं. कोनसरीजवळ सुरजागडच्या खनिजाने भरलेल्या ट्रकांची रांग लागलेली, आम्ही तिच्यात अडकलेलो, वेग पायी चालणाऱ्याचा. टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरून वर सरकला आणि त्याच सुमाराला एसीतून कोमट हवा यायला लागली. पुढे रस्ता मोकळा झाला, गाडी साठावर गेली आणि चामोर्शी यायच्या आत काटा जागेवर, एसी थंडगार. ही म्हणाली, "उभी रायली का ताप भरते हिले." रोगाचं वर्णन याहून नेमकं मिस्त्रीलाही जमलं नसतं.

उभी असली तरच तापते, पळताना तापत नाही, एवढ्यावरून पुष्कळ संशयित सुटतात. पाणी कमी असतं, वॉटर पंप गेलेला असता किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असता, तर वेगात गाडी जास्तच तापली असती. इंजिनावर खरा जोर तेव्हा येतो. पण पन्नास-साठच्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज जवळजवळ उरत नाही. उभ्या गाडीला मात्र सगळा वारा पंख्यानेच ओढायचा असतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात आणि दोघांना मिळून पंखा एकच. म्हणून इंजिन आणि एसी दोघंही एकदम रुसतात.

घरी आल्यावर बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून पाहिलं. पंखा फिरत होता. पण पाती डोळ्याला दिसत होती. निरोगी पंख्याची पाती दिसत नाहीत, नुसतं धुरकट चक्र दिसतं.

बंद पडलेली वस्तू बरी. ती सरळ सांगते की मी बंद आहे. मंद चालणारी वस्तू सगळ्यांना फसवते, कारण विचारलं की लोक म्हणतात, "चालू तर आहे."

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. गावात मिरवणुकीची तयारी, निम्मी दुकानं बंद. मिस्त्री मात्र होता. त्याने पंख्याचा कपलर काढला, आपला छोटा एलईडीचा टेस्टर लावला, दिवा लख्ख पेटला. "करंट त येऊन रायला ना काकाजी. मोटरच गेली तुमची. नवी टाकून देऊ."

मी हो-नाही काही म्हटलं नाही. माझी उमर विजेच्या लायनीवर गेली. एलईडीला लागतात काही मिलीअँपिअर. ती दहा ठिकाणी तुटत आलेल्या वायरीवरही पेटते. पंख्याच्या मोटरला लागतात आठ-दहा अँपिअर. वायरीच्या दहा तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी दिवा पेटेल आणि मीटर लावला तर तोही पूर्ण बारा दाखवेल. ओझं लावलं की मगच कळतं की वाट किती अरुंद झाली आहे. फीडरच्या टोकावरच्या गावात हेच असायचं: दुपारी कोणी काही वापरत नसताना मीटरवर व्होल्टेज ठीक, आणि संध्याकाळी सगळे पंप सुरू झाले की बल्बची तार नुसती लाल.

दुकानात बसलेल्यांनी फुकटचे सल्लेही दिले. थर्मोस्टॅट काढून फेका. एसी लावूच नका. पंख्याला डॅशबोर्डवर वेगळं बटन देऊन डायरेक्ट करून टाका. थर्मोस्टॅट काढायचा सल्ला आपल्याकडे फार जुना आहे आणि तो मला कधी पटला नाही. थर्मोस्टॅट बऱ्याच गाड्यांमध्ये ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की थंडीत इंजिन वेळेवर गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल साचते. मे महिन्याच्या इलाजाची किंमत डिसेंबरात मोजायची. बटनाचा सल्ला त्या मानाने शहाणा, पण बटन दिलं तरी पंखा मंदच फिरणार असेल तर त्या बटनाचा उपयोग काय?

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा. सूर्य रोहिणीत गेला. सकाळी आठलाच अंगणातली फरशी चटके देते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे आकडे ऐकून आता कोणी चकित होत नाही.

पहाटे पाचला उठून कंडेन्सर धुतला. मीटर हातात घेण्याआधी हे करावं असं मला वाटतं, कारण यात खर्च काहीच नाही. पुढची जाळी काढली. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमध्ये लालसर तांबडी माती घट्ट बसलेली, त्यात मेलेले किडे, तणसाचे तुकडे. आष्टीच्या रस्त्यावरची ही धूळ साध्या मातीसारखी झटकून जात नाही. दवात भिजून सुकली की खपली धरते. पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. पुढून मारलं तर ती आणखी आत रुतते. आणि प्रेशर कमी ठेवायचं. सर्व्हिसिंगच्या मशीनचा जोरदार फवारा त्या पत्र्यांना आडवा लागला की ते वाकतात आणि वाट कायमची बंद होते. कूलरचा पाइप पुरला.

धुतल्यावर कागदाची परीक्षा घेतली. इंजिन चालू, एसी चालू, वहीचा एक कागद कंडेन्सरसमोर धरून सोडायचा. पंखा हवा ओढत असेल तर कागद चिकटून राहतो. आमचा चिकटला, थरथरला आणि खाली पडला. निदान पंखा उलटा फिरत नाही, एवढं सिद्ध झालं. हे लिहून ठेवतो, कारण मोटर बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली की पंखा खुशाल उलटा फिरतो आणि इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत बसतो. वेग उत्तम, गाडी तापलेली. घोट रस्त्यावरच्या एका जीपवाल्याचं असंच झालं होतं.

एसी आधीपेक्षा बरा झाला, पण पाती अजून दिसतातच. हिशेब असा आहे: पंख्याची हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात असते, पण तो जो दाब तयार करतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग साठ टक्क्यांवर आला तर हवा साठ टक्के, पण ओढण्याची ताकद छत्तीसच टक्के. मोकळ्या जाळीत एक वेळ निभावेल. खपली धरलेल्या जाळीतून त्याला काय ओढवणार? म्हणजे दोन दुखणी एकमेकांना हात देत होती. त्यातलं एक गेलं.

२६ मे, रविवार

पहाट मीटरबरोबर गेली. क्रमाने लिहितो, भाच्याला पुढे उपयोगी पडेल.

आमच्या गाडीत पंख्याचे दोन वेग आहेत. एसी लावला की हळू; त्यासाठी वाटेत एक रेझिस्टर टाकलेला असतो. इंजिन फार तापलं की दुसरा रिले लागतो आणि रेझिस्टर टाळून मोटरला थेट वीज मिळते. आता जर हळूचा वेग ठीक आणि जोराचा येतच नसेल, तर दुसऱ्या रिलेवर किंवा त्याला हुकूम देणाऱ्यावर संशय. हळूचा गायब आणि एकदम जोराचाच येत असेल, तर रेझिस्टर जळालेला. म्हणून आधी दोन्ही वेग पाहायचे.

इंजिनवरच्या टेम्परेचर सेन्सरचा कपलर काढला. पुष्कळ गाड्यांमध्ये सेन्सर दिसेनासा झाला की कंट्रोल युनिट घाबरून पंखा पूर्ण जोरात लावतं; धोका पत्करण्यापेक्षा ते बरं. रिलेचा 'टक्' आवाज आला, पंखा थोडा वाढला, पण 'थोडाच'. म्हणजे हळूही मंद आणि जोराचाही मंद. रेझिस्टर सुटला, सेन्सर सुटला, दोन्ही रिले बहुतेक सुटले. दोन्ही वेगांत जे सामाईक आहे तिथेच दुखणं: मोटर, तिचा कपलर, तिचं अर्थिंग.

मग मोटरला बॅटरीवरून दोन जाड वायरींनी डायरेक्ट दिलं. असा घोंघावला की ही आतून बाहेर आली. पाती गायब. कार्बन ठीक, बुश ठीक, मोटर तरुण आहे. बुश कोरडी पडून जाम होत आलेली असती तर मोटरने डायरेक्टवरही कण्हत सुरुवात केली असती आणि जास्त अँपिअर ओढून वायरी तापवल्या असत्या. कार्बन झिजलेले असते तर उलट. अँपिअर कमी आणि कधी पात्याला काडीने ढकलल्याशिवाय सुरूच न होणं. मंद पंख्यात हे दोन ओळखता आले पाहिजेत. अँपिअर मोजायला माझा लायनीवरचा क्लॅम्प मीटर मात्र निरुपयोगी, तो फक्त एसी वाचतो. डीसी वाचणारा क्लॅम्प वेगळा मिळतो आणि बराच महाग असतो.

डायरेक्टच्या आधी चिंधी, दुपट्टा, हात सगळं लांब ठेवलं. हा पंखा चावी काढलेली असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हे बॉनेटखाली डोकं घालणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवं. रेडिएटरचं झाकणही गरम असताना उघडायचं नाही. त्याच्यावर ०.९ लिहिलेलं आहे. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एकाच क्षणी उकळून तोंडावर येतं.

आता शेवटचं. कपलर जोडलेला, इंजिन चालू, पंखा जोरात. (त्याचं जे 'जोरात' होतं ते.) बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ व्होल्ट. मोटरच्या दोन टोकांवर, कपलरच्या मागून बारीक पिना खुपसून, ८.६. पाच व्होल्टहून जास्त वाटेतच गायब. कुठे? मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मोटरच्या प्लसवर: ०.५. ठीक म्हणण्यासारखं. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी मोटरच्या मायनसवर: ४.७. इथे पाव व्होल्टसुद्धा जास्त समजायचा.

हे मोजमाप मला फार आवडतं. यात कोणतीही वायर तोडायची नाही, काही उघडायचं नाही. चालू वाटेच्या दोन टोकांना मीटर लावला की किती चोरी झाली ते तोच सांगतो. आणि चोरी झाली म्हणजे उष्णता झाली. आठ अँपिअर धरले तर ४.७ व्होल्टमध्ये जवळजवळ ३८ वॅट. जुन्या मोटरसायकलचा हेडलाइट ३५ वॅटचा असतो. एवढी उष्णता एका बोल्टाखाली.

एक दिलासा आहे. शेतातल्या पंपाची मोटर व्होल्टेज कमी झालं की जास्त अँपिअर ओढते आणि जळते. धानाच्या मोसमात किती मोटरी अशा गेल्या ते मी पाहिलं आहे. पंखा चालवणाऱ्या या डीसी मोटरचं तसं नाही. व्होल्टेज कमी, वेग कमी, वेग कमी म्हणून हवेचं ओझं कमी, म्हणून अँपिअरही कमी. ती निमूट हळू फिरत राहते. म्हणूनच इतके दिवस कोणाला पत्ता लागला नाही.

२७ मे, सोमवार

दहावीचा निकाल. भाचीला चांगले गुण मिळाले, दुपारी एकपासून घरात फोनच फोन. गाडीला हात लावला नाही.

२८ मे, मंगळवार

पंख्याच्या काळ्या वायरीचा माग काढला. ती डाव्या हेडलाइटच्या मागे बॉडीला एका बोल्टने कसलेली. टेप सोलला तर आतला लग निळसर काळा पडलेला, वायरीचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं. बोल्ट काढल्यावर कारण समोर आलं: लगाखाली रंग. गाडी मी सेकंडहँड घेतली, त्याआधी तिचा पुढचा भाग कुठेतरी ठोकून रंगवलेला आहे. रंगवणाऱ्याने सगळं चकचकीत केलं आणि अर्थिंगचा लग रंगावरच कसून टाकला. रंग वीज नेत नाही. वीज जात होती ती फक्त बोल्टाच्या आट्यांतून, आणि दोन पावसाळ्यांत त्या आट्यांनाही गंज चढला.

मिस्त्रीला बोलावलं. त्याला दाखवलं, कारण उद्या दुसऱ्याची मोटर वाचेल. त्याने बोट लावून पाहिलं.  "हे त पाह्यलंच नाही जी आपन," एवढंच म्हणाला आणि कानस घेऊन बसला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. रंग घासून पांढरा पत्रा काढला, नवा तांब्याचा लग दाबून बसवला, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस. माझ्या आग्रहाखातर ४ चौरस मिलिमीटरची एक वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. दुहेरी बंदोबस्त. नव्या मोटरचा खर्च वाचला. त्याच्या मजुरीत मी घासाघीस केली नाही.

परत मोजलं. अर्थिंगच्या बाजूला ०.१. मोटरवर १३.१. कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला.

२९ मे, बुधवार

हिला बीपी दाखवायला गडचिरोलीला. दुपारी बाराचं ऊन, एसी चालू, इंदिरा गांधी चौकात भाजीवाल्याशी हिचं बोलणं चालू असेतो मी गाडी मुद्दाम चालू ठेवून उभा. काटा हलला नाही. पंखा लागतो, थोड्या वेळाने थांबतो, परत लागतो. थांबतो ही मोठी गोष्ट. मंद असताना तो थांबतच नसे.

परतीच्या वाटेवर एक जुनी काळी-पिवळी जीप बॉनेट उघडून उभी होती. तिचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर. इंजिन हळू तर पंखा हळू. घाटात पहिल्या गियरला मात्र तो हवाच हवा देतो. अ‍ॅम्बॅसडरही तशीच. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं, क्रँकचं तोंड चाकाकडे. पट्टा रेडिएटरपर्यंत नेणार कसा? म्हणून विजेचा पंखा, आणि त्याच्याबरोबर सेन्सर, रिले, फ्यूज, कपलर. अडचण सुटली आणि बिघाडाच्या जागा वाढल्या. भाच्याच्या नव्या गाडीत तर पंखा शंभर पायऱ्यांत कमीजास्त होतो. तिथे मंद फिरणारा पंखा कधीकधी मुद्दाम मंद फिरवलेला असतो, हे आधी तपासायला हवं.

३१ मे, शुक्रवार

काल नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश! टीव्हीवर रात्रभर तेच. परवा दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ म्हणाले होते. आमच्या इथे तपन आहे, भयंकर आहे, कुत्री नालीत जाऊन बसली आहेत, पण ५६? शहरातल्याच दुसऱ्या केंद्रांवर म्हणे चव्वेचाळीसच्या आसपास. एकाच शहरात बारा अंशांचा फरक ऊन करत नाही.

या निमित्ताने आपल्या गाडीचा सेन्सर तपासून टाकला. पुष्कळ गाड्यांचा डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. पंचाहत्तर अंशांपासून शंभरपर्यंत तो मधोमध उभा राहतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. त्याच्यावर किती भरवसा ठेवणार? सेन्सर काढून स्टीलच्या गंजात पाणी घेऊन चुलीवर ठेवला, शेजारी थर्मामीटर. हे सेन्सर उलट्या स्वभावाचे: तापले की रेझिस्टन्स कमी. ४० अंशांना सुमारे १२०० ओहम, ८० ला ३२०, पाणी उकळलं तेव्हा १९०. बऱ्याच सेन्सरची हीच चाल असते. म्हणजे आमचा खरं बोलतो. मधे कुठे आकडा उडी मारतो का तेही पाहिलं, नाही मारला. ही म्हणाली, त्या गंजात आता चहा करायचा नाही.

२ जून, रविवार

हवामान खात्याचा खुलासा आला: नागपूरच्या ५६ मागे सेन्सरचा बिघाड होता, मुंगेशपूरचाही आकडा तीन अंशांनी जास्त निघाला. शेजारी दुसरं यंत्र लावून ताडून पाहिल्यावरच कळलं त्यांनाही.

सांजच्याला मिस्त्री आला. त्याच्याकडे तेंदूपत्त्याच्या फडीवरून परतलेली एक पिकअप उभी आहे. सेल्फ मारला की 'घर्रर्र… घर्रर्र' असं जड उचलते, बॅटरी नवी टाकूनही तसंच. मालक सेल्फ बदलायला सांगून गेला आहे. मी विचारलं, सेल्फ मारत असताना इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमध्ये किती व्होल्ट येतात ते पाहिलं का? तो हसला. "म्हनूनच त आलो ना काकाजी, मीटर घ्याले."

मीटर असा दिला नाही. उद्या सकाळी सहाला, तपन चढायच्या आत, मीच जातो म्हटलं. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा सोडायचा नाही.